ज्येष्ठता यादी आणि खारीची वही

गेल्या वर्षी जून महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी साडेतीन वाजता, एका युरोपीय न्यासाने विद्यापीठाच्या युरोप अभ्यास विभागाला दिलेली उन्हाळी संशोधनाची जागा रद्द झाली. जागा एकच होती. विमानाचं तिकीट, सहा आठवडे लिस्बनमध्ये राहण्याजेवणाचा खर्च आणि तिथल्या दप्तरखान्यात बसून जुने कागद वाचण्याचा परवाना, असं तिचं स्वरूप होतं. विभागात कायम नेमणुकीचे पाच प्राध्यापक होते. त्यांच्यातलं कोणीही गेलं नाही.

पाचांमधली पाचवी म्हणजे माझी बायको. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या तारखा आणि आडनावं तपासली. ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. खाली जे लिहिलं आहे ते मी स्वतः पाहिलेलं, कागदावर वाचलेलं किंवा निदान दोघांकडून वेगवेगळं ऐकलेलं आहे.

परळची खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलो त्याला बरीच वर्षं झाली. इथे आल्यावर बायकोला तिचा विषय सापडला. भाईंदर पूर्वेला खारी नावाचं जुनं गाव आहे. आता त्याच्या चारी बाजूंनी इमारती आहेत आणि मधे गाव आहे हे रिक्षावाल्यालाही सांगावं लागतं. त्या गावात एक म्हातारे गृहस्थ आहेत. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी मिठागरावर काम केलेले. बायको रविवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि ते तिला बांधांची नावं सांगायचे. कुठल्या बांधावर कुठली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, होती, भरतीचं पाणी कुठून आत घ्यायचे, हे सगळं. त्यातले बहुतेक बांध आज कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या पार्किंगखाली आहेत. तिने अशी बासष्ट नावं लिहून घेतली होती.

पोर्तुगीज अमलात वसई प्रांतातल्या गावांची एक वही लिहिली गेली होती. ती लिस्बनमध्ये आहे. तिच्या एका पानाची धूसर छायाप्रत बायकोला पूर्वी कोणाकडून तरी मिळाली होती. त्या पानावर या बासष्टांपैकी दोन नावं होती. पुढच्या पानांवर काय आहे ते छायाप्रत देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. ही वही वाचता यावी म्हणून ती चाळिशी उलटल्यावर पोर्तुगीज शिकली. पहाटे स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

फेब्रुवारीत दप्तरखान्याने तिला कळवलं की सप्टेंबरपासून ती वही दुरुस्तीसाठी आत घेतली जाईल. परत वाचकांसाठी कधी येईल ते सांगता येणार नाही. त्याच पंधरवड्यात न्यासाची उन्हाळी जागा जाहीर झाली. हाती राहिलेला काळ आणि मिळणारा काळ यांची इतकी चोख गाठ डेस्कवर मी क्वचितच पाहिली.

आता विभागाची पद्धत सांगणं भाग आहे. तिथे सगळं ज्येष्ठता यादीने चालतं. खिडकीजवळची खुर्ची, चालणारा पंखा, परीक्षेच्या पर्यवेक्षणातून सूट, चहा आल्यावर पहिला कप. यादी काचेच्या फळ्यावर लावलेली आहे आणि काचेला कुलूप आहे. किल्ली विभागप्रमुखांकडे. न्यासाच्या पत्रकात निवडीचा निकष संशोधनाचा आराखडा हाच दिलेला होता. विभागप्रमुखांनी पत्रक वाचलं, बैठक बोलावली आणि म्हणाले, "विभागाकडून एकच नाव जायचंय. यादीप्रमाणे करू, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको."

यादीत पहिले ज्येष्ठ प्राध्यापक होते. सगळे त्यांना सर म्हणत. माझी बायको त्यांची एके काळची विद्यार्थिनी. ते वर्षानुवर्षं युरोपीय संघाची रचना शिकवत होते, आणि संघात देश वाढले, एक बाहेर पडला, तरी त्यांच्या टिपणांत फरक पडला नव्हता. पोर्तुगीज त्यांना येत नव्हतं. जुन्या कागदांशी त्यांचा संबंध रद्दीवाल्यापुरता होता. पण ते एकतीस मे रोजी निवृत्त होणार होते, आणि विभागात जाणाऱ्या माणसाला जाता जाता काहीतरी द्यायची रीत आहे. एकाला पूर्वी परिसंवादाचं उद्घाटन दिलं होतं. एका बाईंना कपाट. सरांना युरोप द्यायचं ठरलं.

ठरावावर पाचही सह्या आहेत. पाचवी माझ्या बायकोची.

तिने सही का केली हे मी त्याच संध्याकाळी विचारलं. ती म्हणाली, "चार जणांनी केल्यावर मी न करून काय होणार होतं? नाव त्यांचंच गेलं असतं. वर मी वाईट."

"आणि आराखडा? ते काय लिहिणारेत?"

"माझा मागितलाय."

ते खरं होतं. सरांनी तिला व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं, "अगं, तुझंच जोडू या. विषय काय, विभागाचाच आहे. मी वहीचे फोटो काढून आणतो, तू इथे बसून वाच. तुला उगाच प्रवासाची दगदग नको." तिने हिशेब असा केला की सप्टेंबरच्या आधी पानं हाती येणार असतील तर नाव कोणाचं का असेना. मला तो मान्य नव्हता, पण चुकीचा म्हणता येत नव्हता. आराखडा नऊ पानांचा होता. प्रत वाचायला तिने माझ्याकडे दिली. मी तीन चुका काढल्या. सोबतची नियमावलीही मी वाचली. तिच्यात सहावं कलम असं होतं की उमेदवार संशोधनाच्या संपूर्ण काळात संस्थेच्या सेवेत असला पाहिजे. हे कलम मी वाचलं आणि पुढे गेलो. तारखा तपासण्याचा माझा धंदा होता.

एप्रिलअखेर निवड झाल्याचं पत्र आलं. न्यासाने आराखड्याची स्तुती केली होती. सर पत्र घेऊन आमच्या घरी आले, बरोबर सुतरफेणीचा पुडा. बायकोने टेबलावर छायाप्रत ठेवली आणि वही कशी मागायची, पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो कसे घ्यायचे, कोपऱ्यातले आकडे का सुटता कामा नयेत हे समजावू लागली. सरांनी वही काढली आणि लिहूनही घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तिकडे राहायच्या जागी गॅस असतो की कॉइल?"

"बहुतेक कॉइल, सर."

"मग कुकर चालेल ना? आणि ही यायचं म्हणतेय. एका खोलीत दोघं चालतील का, ते त्यांना जरा विचार ना तुझ्या पद्धतीने."

"विचारते. सर, हे आकडे मात्र..."

"आकडे लिहिले मी. हिंग नेऊ देतात ना विमानात?"

ते गेल्यावर बायकोने छायाप्रत परत प्लास्टिकच्या पाकिटात घातली. मी सुतरफेणी खाल्ली. चांगली होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खारीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. सर तिथेच एका सोसायटीत राहतात आणि त्यांचा पुतण्या एका पक्षाचं काम करतो. फ्लेक्सवर सरांचा सुटातला फोटो, मागे आयफेल टॉवर, खाली पुतण्याचा फोटो आणि त्याच्या सात मित्रांचे. लिस्बनच्या बातमीला पॅरिसचा टॉवर ही चूक मी लगेच टिपली. मजकूर असा होता: 'सेवानिवृत्तीनिमित्त व युरोप दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल दुहेरी हार्दिक अभिनंदन.'

आम्ही रिक्षात होतो. मी तो मजकूर वाचला आणि सहावं कलम आठवलं. एका ओळीत दोन गोष्टी होत्या आणि त्यातली एक खरी असेल तर दुसरी होऊ शकत नव्हती. दोन महिने विभागातल्या पाच पीएचडींच्या, कुलसचिवांच्या कार्यालयाच्या आणि माझ्या हातून जे निसटलं ते एका फ्लेक्सवाल्याने दीड फुटी अक्षरांत छापलं होतं.

मी बायकोला सांगितलं. तिने मागे वळून फ्लेक्स पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आता तू कोणाला बोलू नकोस. उद्या मी सरांना सांगते."

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निवृत्त झाल्यावर माणूस प्राध्यापक राहत नाही का? तुम्ही लोक फार कायद्यात शिरता." विभागप्रमुख म्हणाले, "त्यांनी विचारलं तर बघू." एकतीस मे रोजी निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि चाकं असलेली बॅग. बॅग विमानात वर ठेवता येईल अशी मुद्दाम लहान घेतली आहे, असं आभार मानणाऱ्याने सांगितलं. टाळ्या पडल्या.

न्यासाने विचारलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सेवेत असल्याचा दाखला मागवला आणि विद्यापीठाच्या कार्यालयाने तो त्याच दिवशी दिला. संपूर्ण प्रकरणात वेळेवर झालेलं एवढं एकच काम. दाखल्यात लिहिलं होतं की सदर प्राध्यापक नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले आहेत. दुसऱ्या सोमवारी न्यासाचं उत्तर आलं. निवड रद्द, पण आराखडा विभागाचा असल्याने विभागाने सेवेतल्या दुसऱ्या प्राध्यापकाचं नाव दहा कामाच्या दिवसांत कळवावं. मुदत तिसऱ्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, मध्य युरोपातल्या त्यांच्या कार्यालयाच्या घड्याळाने. आपल्याकडे साडेतीन.

आराखडा कोणी लिहिला हे विभागात शिपायालाही माहीत होतं. बायको मंगळवारी विभागप्रमुखांकडे गेली. हे संभाषण तिने मला सांगितलं आणि शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाने नंतर तसंच सांगितलं.

"सर, माझं नाव पाठवता का?"

"मॅडम, तुम्ही पाचव्या. मधे तिघं आहेत."

"त्यांना जायचंय का, फोन करून विचारा ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"फोनवर सगळे नाही म्हणतात आणि मग लेखी तक्रार करतात. मागे झालंय तसं. प्रत्येकाला पत्र देऊ. दोन कामाचे दिवस. त्यांनी लेखी नकार दिला की खाली सरकू."

"दुसऱ्या नंबरवर तर तुम्हीच आहात, सर. तुम्ही जाणार आहात का?"

"तसं आता तोंडी कसं सांगू?"

बुधवारी विभागप्रमुखांनी विभागप्रमुख या नात्याने स्वतःला पत्र दिलं. त्याला जावक क्रमांक पडला आणि पोच म्हणून त्यांनी सही केली. त्यांनी बुधवार आणि गुरुवार विचार केला. गुरुवारी संध्याकाळी प्राध्यापक या नात्याने त्यांनी विभागप्रमुखांना कळवलं की मुलीच्या बाळंतपणामुळे आपण जाण्यास असमर्थ आहोत. पत्रात त्यांनी संधी दिल्याबद्दल विभागप्रमुखांचे आभार मानले होते. हे पत्र मी पाहिलेलं आहे.

शुक्रवार आणि सोमवार तिसऱ्या बाईंचे. त्या सावंतवाडीला माहेरी होत्या. त्यांनी शुक्रवारी दुपारीच बायकोला फोन केला. "अगं, मी कशाला जातेय तिकडे? तूच जा." बायकोने विचारलं, "मग तसं आजच लेखी पाठवाल?" त्या म्हणाल्या, "पाठवते की." सोमवारी पाच वाजता त्यांचा नकार आला. त्यांच्या गावी शनिवारी लग्न होतं.

मंगळवार आणि बुधवार चौथ्याचे. तो वयाने सगळ्यांत लहान, पण बायकोच्या आधी चार महिने रुजू झालेला. त्याने बुधवारी होकार दिला. होकाराचं कारण त्याने लिपिकाला सांगितलं ते असं, की नाही म्हटलं तर पुढे आपलं नाव कुठेच घेणार नाहीत. गुरुवारी त्याचा पासपोर्ट दोन वर्षांपूर्वी संपल्याचं निघालं. शुक्रवारी सकाळभर तो तातडीच्या पासपोर्टचं बघत होता. दुपारी चार वाजता त्याने माघारीचं पत्र दिलं.

त्या आठवड्यात मी तिला दोनदा म्हणालो की कुलगुरूंना मी फोन करतो, ओळख आहे. ती म्हणाली, "तू फोन करशील आणि ते म्हणतील पत्रकार नवऱ्याने दबाव आणला. मग चौकशी समिती. समितीतही ज्येष्ठतेनेच घेतील." तिने न्यासाला स्वतः पत्र लिहिलं होतं. उत्तर सभ्य होतं. आराखडा तुमचा असावा असं आम्हालाही वाटतं, पण नाव संस्थेनेच कळवायला हवं.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी शिपायाने तिच्या टेबलावर पत्र आणून ठेवलं. सदर जागेसाठी आपली संमती वा असंमती दोन कामाच्या दिवसांत लेखी कळवावी. मुदत संपून चाळीस मिनिटं झाली होती. तिने पोच म्हणून सही केली, वेळ घातली आणि विभागप्रमुखांकडे गेली.

ते म्हणाले, "बघा, आलं ना तुमच्यापर्यंत. पद्धत पाळली की कोणावर अन्याय होत नाही."

"मुदत साडेतीनला संपली, सर."

"हो का? मग पुढच्या वर्षी तुमचा नंबर वर असेल. सर गेले ना, तुम्ही आता चौथ्या."

फ्लेक्स उतरला नाही. निवड रद्द झाल्याचं सरांनी सोसायटीत सांगितलं नव्हतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते पत्नीसह, निरोप समारंभातली बॅग घेऊन, पहाटे टॅक्सीने निघाले. ते सहा आठवडे नाशिकला मुलीकडे राहिले. हे मला नाशिकच्या एका जुन्या वार्ताहराकडून कळलं. तो त्याच इमारतीत राहतो आणि रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जात होता. विभागातल्या लिपिकानेही त्याला दुजोरा दिला. निवृत्तिवेतनाचे कागद त्याने त्या काळात नाशिकच्याच पत्त्यावर पाठवले होते. ऑगस्टच्या मध्यावर सर परतले आणि सोसायटीत चॉकलेटं वाटली. ती कुठली होती याची खातरजमा झालेली नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी बायकोबरोबर खारीला गेलो. म्हातारे ओट्यावर होते. नेहमी ते तिला बघून आधी चहा सांगतात. त्या दिवशी सांगितला नाही.

"मास्तर आला न जाऊन," ते म्हणाले. "मी गेल्तो इचाराला."

"कोण मास्तर?"

"तो फोटोवाला. रस्त्याव लावलाय तो. त्याला बोललो, ती वही बगितलीस का. तो बोलला, बगितली. आमच्या गावाचं काय हाय का तिच्यात? तो बोलला, न्हाय. खारीचं कायच न्हाय."

बायको त्यांच्या शेजारी बसली. "काका, ते गेलेच नव्हते. त्यांनी वही पाहिलेली नाही."

"मंग कुटं गेल्ता बॅग घेऊन?"

"नाशिकला."

 घरातून सून बाहेर आली होती, ती दारातच उभी राहिली.

"नाशिकला," ते म्हणाले. "मंग तू तरी बगितलीस?"

"नाही."

"मंग तुला तरी काय ठाव, हाय का न्हाय ते?"

"दोन नावं आहेत, काका. एका पानावर. ती मी पाहिलीत. तुम्हाला दाखवली होती ना?"

"दोन," ते म्हणाले. "आन मी तुला किती सांगितली?"

"बासष्ट."

"साठ ऱ्हायली." त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा आला. मग ते म्हणाले, "अजून एक हाय. मागं सांगायचा ऱ्हायला. लिवून घे." तिने पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं.

घरी आल्यावर तिने दप्तरखान्याला ई-मेलने एका ओळीचं पत्र लिहिलं. ती वही अजून वाचकांसाठी आहे का, आणि असल्यास तिच्या पानांच्या प्रती टपालाने मिळू शकतील का. कोणाच्या शिफारशीशिवाय, कुठल्याही यादीशिवाय, स्वतःच्या नावाने. हे आधी का केलं नाहीस, असं मी विचारलं. फेब्रुवारीतच विचारलं होतं, असं ती म्हणाली. इतक्या नाजूक वहीच्या प्रती वाचकाने प्रत्यक्ष हजर राहूनच घ्यायच्या, असा त्यांचा नियम होता. आता दुरुस्तीच्या आधी कदाचित स्वतःच काढत असतील, म्हणून पुन्हा विचारलं.

उत्तर सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी आलं. त्यात दोन वाक्यं होती. आदल्या दिवशी सकाळी वही दुरुस्ती विभागाच्या ताब्यात देण्यात आली. तिच्या प्रती काढलेल्या नाहीत.